दांड्यातला आवाज

पहिली थप्पड बसली तेव्हा गोदामातल्या चारशे माणसांनी श्वास रोखला. दुसरी बसली तेव्हा टाळ्या वाजवल्या.

थप्पड एका कानावर नव्हती. दांडेबाबांनी दोन्ही पंजे पसरून दोन्ही कानांवर एकाच वेळी आणले होते, झांजा आपटाव्यात तसे. समोर गुडघ्यांवर बसलेला माणूस पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर काम करणारा, चांगला आडदांड गडी. तो तोंडावर आपटला. सावरून बसला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ निघून मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता.

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "पाप लाल असतं. आलं बाहेर."

लोकांनी पाहिलं. खरंच लाल होतं. आणखी काय पुरावा हवा?

बाबांचं बोलणं म्हणजे पाढे. कान म्हणजे काय? दार. दाराला कुलूप कोण लावतं? कर्म. कुलूप कोण तोडतं? यावर अख्खं गोदाम एका सुरात म्हणायचं, "दांडा." हा दांडा म्हणजे अंगठ्याएवढी जाड आणि छातीइतकी उंच लोखंडी कांब. तिचं खालचं टोक काळ्या कापडाने झाकलेल्या एका पेटीवर टेकलेलं, वरच्या टोकाला पांढऱ्या धातूचं टोपण. बहिऱ्याने गुडघे टेकायचे, टोपण दातांत घट्ट धरायचं, डोळे मिटायचे. पुण्यवानाला आत आवाज येणार. पाप्याला येणार नाही, आणि मग पाप बाहेर काढावं लागणार. काढायची रीत वर सांगितलीच. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना दांड्याला हात लावायची सक्त मनाई. तुमचं दार उघडं असताना खिडकीतून का शिरता, असं बाबा विचारत. बाबांचे स्वतःचे कान मात्र फार तिखट. इतक्या गोंगाटात मागे कुणीतरी जेवण आल्याचं पुटपुटलं, तर त्यांनी लगेच मान वळवली.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा ठिकाणी मला कुणी आपणहून बोलावत नाही. त्या दिवशी सकाळी कारखान्यातल्या फिटरची बायको घरी आली होती. ती आणि तिचा नवरा, दोघंही माझे विद्यार्थी. "सर, आज माझा भाऊ आणि हे, दोघं बाबांकडे जाणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही नुसते उभे राहा. मला एकटीला बघवणार नाही." रक्त निघालेला प्रेसवाला हा तिचा भाऊ.

त्याला बाजूला ओढून नेलं आणि फिटरचा नंबर आला. चाळिशीचा, सडसडीत, हाताला कायमचा वंगणाचा वास. त्याने टोपण दातांत धरलं. झांजा वाजत होत्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी भुवया वर गेल्या. मग डोळे उघडले, मिटले, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहू लागलं.

"माझं नाव घेतलं," तो ओरडला. बहिऱ्या माणसाचं बोलणं ओरडल्यासारखंच असतं, पण हे ओरडणं वेगळं होतं. "फिटर, ऊठ, तुझे कान उघडणार, असं म्हणाला."

गर्दी अशी पुढे लोटली की एका म्हाताऱ्याचा हात पायांखाली आला, आणि तो कळवळला तरी कुणी मागे वळून पाहिलं नाही. बाबांनी हात वर केला. पहिली पायरी झाली, हाक आली. दुसरी पायरी सात दिवस मौन. तिसरी पायरी पुढच्या रविवारी, याच ठिकाणी: दोन्ही कानांत कढतं तेल. जुना पडदा जळेल आणि झाडाला पालवी फुटते तसा नवा फुटेल.

फिटरच्या बायकोने माझा दंड धरला होता. तिची नखं रुतली.

आता हा माणूस कढतं तेल घ्यायला का तयार झाला, ते सांगायला हवं. तो मूर्ख नव्हता. लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहायचे. उशीला डाग पडायचे. सातवीत असताना मी त्याला तीन वेळा हाक मारली आणि तो उठला नाही, म्हणून मी त्याच्या कानाखाली वाजवली होती. तो कान तेव्हाही वाहत होता. हे इथे लिहितो, कारण या गोष्टीत थप्पड मारणाऱ्यांची मोजदाद करायची तर ती अर्धवट असू नये.

मोठेपणी त्याने कुणाला न दाखवता एका दुकानातून कानात बसवायचं यंत्र आणलं. कान वाहत असताना त्यात बोळा कोंबावा तसं ते झालं. आठ दिवसांत कान सुजला, यंत्रात घाण गेली, ते शिट्ट्या मारू लागलं. त्याने ते ऐरणीवर ठेवलं आणि मोठ्या हातोड्याने त्याचा भुगा केला.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी तो अपघात. मेहुणा, म्हणजे तोच प्रेसवाला, चालवायचा ती प्रेस बंद पडली होती. फिटरने ती दुरुस्त केली आणि पाठ फिरवून स्विचकडे गेला. तेवढ्यात मेहुण्याला आत अडकलेला पत्र्याचा तुकडा दिसला, म्हणून त्याने हात घातला. "थांब, हात आत आहे," असं तो ओरडला. फिटरला ते ऐकू आलं नाही. मोटार गुरगुरायला लागली, ते वीस वर्षं प्रेसच्या दणक्यात काढलेल्या मेहुण्याला ऐकू आलं नाही. दोन बोटं गेली. पट्टी बांधून बाहेर येताच मेहुण्याने धड हाताने दवाखान्याच्या अंगणातच फिटरला बडवला, आणि फिटरने एकदाही हात वर केला नाही. मालकाने सांगितलं, तीन महिन्यांत कानांचं काहीतरी कर, नाहीतर येऊ नकोस.

तेव्हा तेल कढतं आहे की थंड, हा प्रश्न त्याच्यासाठी उरलाच नव्हता.

त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मेहुणा कानात कापूस घालून भिंतीशी बसला होता. फिटरचं मौन होतं, म्हणून तो पाटीवर लिहीत होता. त्याने लिहिलं, मी खोटं बोलत नाही, मला आवाज आला.

मी मान डोलावली. तो खोटं बोलत नव्हता, याची मला खात्रीच होती. तिथेच तर सगळी गोम होती.

शाळेतला नादकाटा, म्हणजे आपटला की घुमणारा दोन शिंगांचा लोखंडी काटा, मी बरोबर नेला होता. गुडघ्यावर आपटून तो फिटरच्या कानापुढे धरला. काही नाही. मग काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. फिटर दचकला. पुन्हा कानापुढे: नाही. पुन्हा हाडावर: आहे. मग मेहुण्याचा उजवा कान, ज्यातून रक्त आलं नव्हतं, तो तपासला. त्याचं नेमकं उलट. कानापुढे थोडं ऐकू येत होतं, हाडावर त्याहून कमी.

वर्गात मुलांना सांगायचो तसं मी पाटीवर चित्र काढून सांगितलं. आवाजाला आत जायला दोन वाटा. एक कानाच्या भोकातून, पडद्यावरून. दुसरी कवटीच्या हाडातून, थेट आतल्या कानापर्यंत. फिटरची पहिली वाट बंद आहे, पण आतला कान जागा आहे. मेहुण्याच्या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, आतला कानच कारखान्याच्या आवाजाने झिजला आहे. दातात धरलेला दांडा म्हणजे हाडाची वाट. म्हणून एक पुण्यवान ठरला आणि एकाने मार खाल्ला. यात पाप कुठे आहे?

मेहुणा माझ्या ओठांकडे बघत होता. त्याने कानातला कापूस काढून पाहिला आणि पुन्हा घातला.

फिटरने पाटी ओढून घेतली. लिहिलं: काटा नुसता घूं करतो. माझं नाव कोणी घेतलं?

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं कबूल केलं. एवढं म्हणालो, की मला आठ दिवस दे, तेल घेऊ नकोस. तेव्हा त्याचा संयम सुटला. त्याने नादकाटा भिंतीवर फेकला, पाटी गुडघ्यावर मोडली, आणि मधे आलेल्या बायकोला असा धक्का दिला की ती स्वयंपाकाच्या ओट्यावर आदळली. ती उठली, ओठ पुसला. "अहो, मारा अजून," ती शांतपणे म्हणाली. "पण तेल घ्यायला तुम्हाला मी जाऊ देणार नाही." त्याला ऐकू आलं नाही. तो तिच्या ओठावरचं रक्त बघत राहिला आणि खाली बसला.

बुधवारी मी गोदामात गेलो. पेटी बघायची होती. बाबांच्या तीन शिष्यांनी मला व्यासपीठाच्या अलीकडेच अडवलं आणि आधी नम्रपणे, मग काठ्यांनी समजावलं. सत्तरीच्या माणसाची बरगडी मोडायला फारसा जोर लागत नाही.

शुक्रवारी बरगडी बांधलेल्या अवस्थेत मी कारखान्यात गेलो, शेवटचं विनवायला. फिटर एका मोठ्या गिअरबॉक्सपाशी वाकला होता. त्याच्या हातात वीतभर लांबीची पोलादी सळई होती. एक टोक त्याने गिअरबॉक्सच्या अंगावर ठेवलं आणि दुसरं दातांत धरलं. डोळे मिटले. सळई दोन बोटं डावीकडे सरकवली. पुन्हा दात. पुन्हा सरकवली. मग खडूने एका जागी फुली मारली. तिथलं बेअरिंग खराब होतं. शेजारच्या कामगाराने मला सांगितलं, की ही याची जुनी पद्धत आहे. कान धड असलेले फिटर सळई कानाला लावतात, हा दातांत धरतो, आणि आजवर एकदाही चुकलेला नाही.

वीस वर्षं हा माणूस दातांनी ऐकत होता. त्याने त्याला कधी ऐकणं म्हटलंच नव्हतं. ते त्याच्या लेखी काम होतं.

मी जमिनीवर बसलो, कारण उभं राहून हसलं की बरगडी दुखायची. त्याच्याच खडूने फरशीवर लिहिलं: गिअरबॉक्समध्ये कोणता देव बोलतो?

त्याने वाचलं. रागावला. मी पुढे लिहिलं: सळईचं दुसरं टोक जिथे टेकतं, आवाज तिथूनच येतो ना? बाबांच्या दांड्याचं दुसरं टोक कुठे टेकलेलं असतं?

त्याने खडू माझ्या हातातून काढून घेतला. मग पायाने अक्षरं पुसली आणि कामाला लागला. मी हरलो असं समजून घरी आलो.

रविवारी गोदाम दुपटीने भरलं होतं. व्यासपीठावर शेगडी, तिच्यावर कढई. तेलातून धूर निघत होता. आदल्या रविवारी ज्यांना हाक आली होती, असे सातजण रांगेत. फिटर पहिला. त्याची बायको आणि मी पुढे घुसलो होतो, आणि मेहुणा आमच्या मागे.

"शेवटचा कौल घे," बाबा म्हणाले आणि दांडा पुढे केला. फिटरने गुडघे टेकले, टोपण दातांत धरलं. ऐकलं. मग तोंडातून टोपण काढलं, कमरेची सळई उपसली आणि तिचं एक टोक दातांत धरून दुसरं बाबांच्या आसनाच्या फळीवर टेकवलं.

बाबा म्हणाले, "हे काय, बाळा?"

बाळाचं लक्ष नव्हतं. त्याने सळई फळीवरून उचलून पेटीच्या कडेवर ठेवली. मग पेटीच्या मध्यावर. शुक्रवारी गिअरबॉक्सवर पाहिला होता, तोच चेहरा: मिटलेले डोळे, कपाळावर एक आठी. शिष्य धावले. एकाने त्याच्या पाठीत काठी घातली. त्याचे दात सळईवर आपटले, ओठ फुटला, पण तो हलला नाही. खिशातून खडू काढून त्याने काळ्या कापडावर फुली मारली. मग उभा राहून टाच उचलली आणि त्या फुलीवर घातली.

पेटी फुटली. आत चिंध्या ठासलेल्या, आणि चिंध्यांत लाऊडस्पीकरचं हृदय: चुंबक आणि तारेचं थरथरणारं वेटोळं. कागदी शंकू कापून टाकलेला, म्हणजे हवेत आवाज पसरायला नको. जी काही थरथर, ती फक्त लोखंडात. एक वायर फळ्यांच्या फटीतून मागच्या पडद्याआड गेली होती. फिटरने ती हाताला गुंडाळून खेचली. वायर तुटली नाही, तिच्यात अडकलेला पडदा मात्र खाली आला. मागे स्टुलावर एक शिष्य माईक तोंडाला लावून बसलेला. मांडीवर दारात लिहून घेतलेल्या नावांचा कागद. समोर काय चाललंय त्याचा पत्ता नव्हता बिचाऱ्याला. तो अजून सांगतच होता, की फिटर, भिऊ नकोस, तेल घे.

तुम्हाला वाटेल आता लोक बाबांवर धावले असतील. तसं होत नाही. लोक आधी आमच्यावर धावले. खुर्च्या आल्या, चपला आल्या, अर्धी वीट आली आणि माझं कपाळ फुटलं. कुणीतरी फिटरच्या बायकोचे केस धरले. आपली फसवणूक झाली, हे कळण्यापेक्षा ते सांगणाऱ्याचं डोकं फोडणं माणसाला सोपं जातं.

आमचा जीव वाचवला तो एका म्हातारीने, तेही आमच्या भल्यासाठी नव्हे. ती ओरडत व्यासपीठावर चढली, की दांडा खरा आहे, मी दाखवते. तिने दांडा उचलून उघड्या पडलेल्या वेटोळ्यावर टेकवला आणि टोपण दातांत धरलं. फिटरने शिष्याची मान पकडून माईक त्याच्या तोंडाशी ठेवला आणि खूण केली: बोल. शिष्य घाबरून म्हणाला, "फिटर, भिऊ नकोस."

म्हातारी थांबली. टोपण काढलं. परत धरलं.

"मी काय फिटर आहे?" ती म्हणाली. "आणि मला तर चांगलं ऐकू येतं."

मग एकेक जण येऊ लागला. कान चांगला असो वा वाईट, दांडा दातांत धरायचा, ऐकायचं, पुढे सरकायचं. ज्यांना काहीच आलं नाही त्यांतला एकजण तिथेच बसून हमसाहमशी रडला. मागच्या महिन्यात त्याला पापी म्हणून अकरा थपडा बसल्या होत्या, आणि घरी बायकोनेही बोलणं टाकलं होतं.

तेवढ्यात मेहुण्याने कढई उचलली. हाताला फडकं गुंडाळून, तीन बोटांच्या हाताने आणि पाच बोटांच्या हाताने. बाबा मागच्या दाराकडे सरकत होते. मेहुण्याने त्यांना भिंतीशी गाठलं. गर्दीतून आवाज आले, ओत, ओत. आठवड्यापूर्वी टाळ्या वाजवणारे हेच ते हात, हेच ते गळे.

फिटर मधे शिरला. कढई हिंदकळली, आणि तेल त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत सांडलं. कातडीचा चर्र आवाज मी ऐकला. त्याने किंकाळी दाबली आणि मेहुण्याची मनगटं सोडली नाहीत.

"दाजी, सरका," मेहुणा म्हणाला.

"नाही," फिटर म्हणाला. ओठ वाचून. "हे तेल कुणाच्याच कानात जाणार नाही. त्याच्यासुद्धा."

मेहुण्याने कढई खाली ठेवली. कुणीतरी पोलिसांना बोलावलं होतं; ते बाबांना घेऊन निघाले तेव्हा बाबा म्हणत होते, आम्हाला नीट ऐकू येत नाही, काय विचारताय ते लिहून द्या.

त्यानंतर आम्ही सगळे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई कडक होत्या. त्यांच्या बाकावर त्या आठवड्यात बाबांचे सव्वीस रुग्ण बसले. नऊ पडदे थपडांनी फाटलेले. दोघांनी आधीच तिसरी पायरी घेतली होती. त्यांचे कान आतून भाजले होते, आणि ते ऐकणं परत येणार नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. लिहून, खुणांनी, ओठ वाचून जगणं कसं सावरता येतं, ते शिकवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला.

मेहुण्याचा फाटलेला पडदा बहुधा आपोआप भरेल, असं त्यांनी सांगितलं. झिजलेला आतला कान भरणार नाही. पण नेहमीचं कानातलं यंत्र त्याला उपयोगी पडेल, आणि यापुढे प्रेसवर कानांना झाकण लावल्याशिवाय उभं राहायचं नाही. फिटरला त्यांनी आधी कान कोरडे करायची औषधं दिली. पडदा शस्त्रक्रियेने नीट करता येतो का, ते पुढे बघू म्हणाल्या. तोवर कानात काहीही कोंबायचं नाही. त्यांनी कपाटातून एक पट्टा काढला, केसांना लावतात तसा. त्याला एक बोराएवढी डबी. ती कानामागच्या हाडावर बसली. माईक आवाज पकडणार, डबी थरथरणार, हाड ती थरथर आत नेणार. भोकाचा, पडद्याचा संबंधच नाही.

बायको त्याच्या मागे उभी होती. तिने हळू आवाजात विचारलं, "हात फार दुखतोय का?"

"दुखतोय," तो न वळता म्हणाला. मग वळला.

पुढच्या सोमवारी मालकाने त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं: मागून हाका मारणार. फिटरने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, परीक्षा माझी नको. पट्ट्याची बॅटरी उद्या संपेल, परवा दुसऱ्या कुणाचे कान जातील. प्रेस ऐकण्यावर चालवायचीच नाही." त्याने प्रत्येक प्रेसला एक तांबडा दिवा आणि एक किल्ली लावली. हात आत घालणाऱ्याने किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. ती परत लागत नाही तोवर स्विच कितीही दाबा, यंत्र हलत नाही. पहिली किल्ली त्याने मेहुण्याच्या हातात दिली.

वाचकहो, बाबांचा दांडा खोटा नव्हता. लोखंडातून आवाज खरोखर जातो, हाडातून आत पोचतो. खोटं होतं ते त्याला देव म्हणणं आणि ऐकू न येणाऱ्याला पापी म्हणणं. निसर्गाचा नियम चोरून त्याच्यावर कापड टाकलं की त्याचा चमत्कार होतो. म्हणून कुणी कापड उचलू देत नसेल, सगळ्यांना तपासू देत नसेल, तर तिथून उठा. कान वाहत असेल, कमी ऐकू येत असेल, तर आधी नेमकं काय बिघडलंय ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. कारण एकाला लागू पडलेलं यंत्र दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि कानातलं यंत्र चाललं नाही म्हणजे सगळे उपाय संपले असंही नाही. तोवर कानात तेल घालू नका, काडी घालू नका. आणि तुमचं मूल, तुमचा विद्यार्थी, तुमचा कामगार तीन हाकांनी उठला नाही, तर हात उचलण्याआधी त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि विचारा, तुला ऐकू येतंय का.